आढ्याला बांधलेली दोरी

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये वीज आली, तेव्हा रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढणारी यंत्रं, फिरवणारं तेलाचं जुनं इंजिन काढून मोटर बसवायचं काम माझ्याकडे होतं. मी यवतमाळहून एसटीने जायचो. मोटर कुठे, स्टार्टर कुठे, कुणाचा हात कुठवर पोचतो, हे आधी कागदावर मांडल्याशिवाय मी स्क्रूलाही हात लावत नसे. मालकाचा हट्ट एकच, बंद-चालूचं बटण त्याच्या गादीजवळ हवं. का, तर वीज त्याची!

"शेठजी, रेच्यावर हात बाईचा अन् बटन तुमच्यापाशी? थे काय तुम्हाले हाका मारत बसन?" मी म्हटलं.

बरीच वादावादी झाली. शेवटी स्टार्टर बाजूच्या खोलीत गेला आणि रेच्यांच्या रांगेवरून मी एक दोरी ताणली. कुठूनही ओढली की मोटर बंद आणि लगेच ब्रेक. रेच्यावर कापूस घालायला जवळच्या तांड्यावरच्या बाया येत. त्यांच्यातल्या थोरल्या बाईने दोरी दोनदा ओढून पाहिली आणि हसून म्हणाली, "हे बेस केलं, दादा."

मग हंगामाचा मुहूर्त आला. रेच्यांना हळदकुंकू, नारळ, झेंडूच्या माळा. पहिल्या बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस संपेपर्यंत मशीन थांबवायचं नाही, ही तिथली रीत. थांबलं तर हंगाम वाया जातो म्हणे. रीतीला माझी हरकत नव्हती, मीही हात जोडले. पण एखादीचा धक्का लागून दोरी ओढली जाईल अशी मालकाच्या मुनीमजींना धास्ती. त्यांनी मला एका शब्दाने न विचारता ती वर उचलली आणि आढ्याला बांधून टाकली. तीही पूजेच्या लाल नाड्याने, पक्की गाठ मारून!

मी स्टार्टरपाशी उभा होतो. आतून किंकाळी आली. शेजारच्या बायांचे हात दोरीसाठी वर गेले ते रिकामेच राहिले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी बटण दाबलं, तोवर थोरल्या बाईची ओढणी रेच्यात गेली होती आणि ओढणीपाठोपाठ उजवा हात. मी आत तिच्यापाशी पोचलो, तेवढ्यात मालक धावत आला तो सरळ माझ्या अंगावर.

"मुहूर्ताचं मशीन काहून बंद केलं?"

बाई तिथेच, पायाशी पडलेली. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की अजून माझं माथं भडकतं. यवतमाळच्या दवाखान्यात तिचा हात मनगटाच्या वरून काढावा लागला. जिनिंगमध्ये मात्र, मशीनला कुणाची तरी नजर लागली, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पुढच्या हंगामाआधी मोटर तपासायला मलाच बोलावलं. मी सांगून टाकलं, मुहूर्ताला आधी दोरी ओढून मशीन थांबवून दाखवायचं, मगच कापूस घालायचा. नाहीतर तारा मी जोडत नाही. मालक अपशकुन, अपशकुन म्हणत राहिला. पण त्या दिवशी बायाही दारातच बसून राहिल्या, एकही आत जाईना. त्यांनी थोरलीला तांड्यावरून सोबत आणलं होतं.

मशीन सुरू झालं. तिने डाव्या हाताने दोरी ओढली. रेचे थांबले. मग पुन्हा सुरू करून पहिल्या बंडीचा कापूस घातला आणि सगळं सुरळीत पार पडलं. इतकंच करायचं होतं, तेही एक वर्ष आधी.

मुनीमजी खोबरं-साखर वाटत आले. तिने डावा हात पुढे केला. मुनीमजींनी आपला हात मागे घेतला.

"परसाद डाव्या हातात देत नाही, बाई. उजवा कर पुढं."

तिने ओढणी बाजूला सारली आणि उजवा हात, होता तेवढा, त्यांच्यापुढे धरला. मुनीमजी खोबऱ्याचा तुकडा चिमटीत धरून उभेच राहिले.