बबनसेठच्या गाडीचा सागवानी पंख

बबनसेठ गेले. मला आनंद झाला.

सकाळपासून राजुऱ्याच्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली आहे. "देवमाणूस." "गोरगरिबांचा आधार."
म्हटलं, आपणही चार ओळी लिहाव्यात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सेठ जंगलातले लाकूड-ठेकेदार. नागपूरहून त्यांनी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली. दोन सीटची. अख्ख्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती.

मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना स्पॉयलर दिसला. डिकीवर बसवायचा आडवा पंख. झालं, तो हवाच!

माझे बाबा सुतार. त्यांनी पुठ्ठा कापून डिकीवर दोन नमुने धरून दाखवले. एक बुटका, कडेला चिकटलेला. एक उंच, पायांवर उभा.

"बुटका शोभते, सेठ. गाडीच्या अंगातलाच वाटते."

"उंचच पाहिजे. लोकायले दिसला पाहिजे ना!"

पत्र्याचा थरथरेल म्हणून लाकडाचा ठरला. सेठनी आपल्याच ट्रकमधून सागाची फळी पाठवली. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"सेठ, याच्यावर फॉरेस्टचा शिक्का नाई."

"जंगल आपलंच आहे. तू रंधा मार."

बाबांनी रंधा मारला. पॉलिश केलं. डिकीला भोकं पाडली, पाणी आत जाऊ नये म्हणून प्रत्येक बोल्टखाली रबर घातलं. इतकं देखणं काम मी नंतर कुठे पाहिलं नाही.

गाडी न्यायला सेठ आले ते गोमूत्राचा तांब्या घेऊनच.

आमच्याच अंगणात, सगळ्या मोहल्ल्यासमोर, त्यांनी पंखावर शिंपडलं. बाबांचे हात जिथे जिथे लागले होते, तिथे तिथे.

"राग नको मानू. तुम्ही लोक बौद्ध झाले, पण आमचं घर जुन्या वळणाचं आहे."

बाबा पाना हातात धरून उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आई मात्र पोटभर जेवली आणि दुसऱ्या दिवशी फॉरेस्ट नाक्यावर जायला निघाली.

बाबा घाबरले. "काऊन जाते? मलेच धरतीन."

"धरू द्या. तुम्ही फळी तासली. चोरली त्यानं."

आईनं सगळं सांगितलं आणि नाक्यावर गाडी अडली. बिनशिक्क्याचा साग, तोही उंच, लोकांना दिसेल असा! चोरीचं लाकूड ज्या गाडीवर, ती गाडीही जप्त. केस चालत राहिली आणि लाल गाडी फॉरेस्टच्या डेपोत गंजत गेली. कॉलेजला जाता-येता मी थांबून बघायचे. मन भरायचं नाही.

पंख पुढे डेपोच्या लिलावात निघाला. बाबांनीच घेतला. आता त्यावर रीतसर शिक्का होता. चार पाय लावून त्यांनी त्याचा बाक केला.

काही वर्षांनी सेठ निवडणुकीला उभे राहिले. हात जोडत आमच्या दारात आले. सगळ्या मोहल्ल्यासमोर त्या बाकावर बसले, आमच्या घरचं पाणी प्यायले.

आई म्हणाली, "आरामात बसा, सेठ. हा तुमच्याच गाडीचा पंख होय."

सेठ ताडकन उठले.

मी आतून तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यादेखत बाक धुतला.

इतकी वर्षं गप्प असलेले बाबा तेव्हा बोलले.

"राग नका मानू, सेठ."

आता बाबा नाहीत, आई नाही. बाक आहे. बातमी कळल्यावर आज तो पुन्हा धुतला आणि त्यावर बसूनच हे लिहिते आहे.

जा, सेठ. श्रद्धांजली घ्या. भावपूर्ण म्हणवत नाही.