साडूंच्या स्वयंपाकघराची आठ दारं

काळजी करणं हा जर धंदा असता, तर आमच्या साडूंनी लातूरच्या भर पेठेत तीन मजली दुकान थाटलं असतं, आणि गल्लीतल्या लोकांची काळजी वर फुकट केली असती. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे यजमान. मी त्यांना आण्णा म्हणतो. आम्ही नांदेडहून निघालो की लोहा आलं, अहमदपूर आलं, चाकूर आलं, असे तीन फोन त्यांना करावे लागतात. एक जरी चुकला तरी ते एसटीच्या चौकशी खिडकीवर जाऊन उभे राहतात. परक्याच्या लग्नातसुद्धा अक्षता पडायच्या आत ते आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावून येतात. "आण्णा, आपण पाव्हणे. जेवण कमी पडलं तर ते बघतील की," असं मी एकदा म्हणालो. "कमी पडल्यावर उपाशी कुनी ऱ्हायचं हाय? पाव्हण्यानंच ना?" ते म्हणाले. त्या लग्नात भात खरोखरच संपला, आणि तेव्हापासून त्यांना अडवायची सोय राहिली नाही.

अशा माणसाच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. सोलापूरच्या दवाखान्यात आक्का शांत पडून असायच्या आणि साडू सलाईनच्या थेंबांवर पहारा द्यायचे. थेंब जरा रेंगाळला की "सिस्टर, थांबला!" म्हणून ओरडायचे. पुढं शेजारच्या दोन पेशंटांचे थेंबही त्यांनी हाती घेतले, तेव्हा डॉक्टरांनी साडूंच्या मुलाला बाजूला बोलावलं आणि मुलानं वडिलांना. "पप्पा, तुम्ही घरी जावा. तुमच्याकडं बघून मम्मीचा बीपी वाढायलाय." निघताना डॉक्टरांनी एकच सांगितलं, पेशंट घरी आल्यावर महिनाभर तिला चिडू देऊ नका. तेवढं एक वाक्य घेऊन साडू लातूरला आले, आपल्या स्वयंपाकघरात शिरले आणि कपाटांची दारं मोजायला लागले.

कारण आक्का रोज चिडायच्या त्या स्वयंपाकघरातल्या कपाटांवर. सिंकजवळच्या दारांचा सनमायका पाण्यानं फुगून कडांना सुटला होता. त्यात पदर अडकायचा, बोटं खरचटायची, आणि सात वर्षं त्या म्हणत होत्या की एकदाचा नवा चिकटवून घ्या. सात वर्षं साडूंची उत्तरंही तयार असायची. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास छातीत जातो, भुसा डब्यांत बसतो, अनोळखी सुतार घरात घ्यावा कसा. आता मात्र आक्का परवा घरी येणार म्हटल्यावर त्यांनीच रेणापूरचा एक सुतार शोधून आणला. त्यानं आठही दारं उतरवली, जुना थर खरवडून काढला, नवे तुकडे मापात कापून ठेवले, "उरल्यालं नंतर" असं काहीतरी पुटपुटला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला फोन. "पाव्हणं, सुतार पळाला! फोन बी लागंना. उद्या ही येनार, अन् घरात एका कपाटाला दार न्हाई!"

"आण्णा, आज येळवस हाय. तो शेतात गेला असंल."

"आज? आज येळवस हाय?" साडूंनी विचारलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर घराला कुलूप घालून शेतात शेंगा-दाण्यांची भज्जी आणि ज्वारी-ताकाची आंबील खायला जातं, आणि साडू तर आंबील नीट आंबेल का या काळजीनं आठ दिवस आधीपासून आम्हाला फोन करतात. लातूरचा माणूस येळवस विसरला, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. खरं तर मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि मी मिळेल ती एसटी धरली.

दारावर आणि तुकड्याच्या पाठीवर सोल्यूशन लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग एकावर एक दाबायचं, एवढंच काम होतं. पण तो तुकडा एकदा टेकला की पुन्हा हलवता येत नाही, असं सुतार साडूंना सांगून बसला होता. झालं! साडू पहिला तुकडा दोन्ही हातांत धरून दारावर वाकले आणि तसेच वाकून राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. दहा मिनिटं गेली, पण तुकडा काही खाली येईना.

"आण्णा, टेकवा आता."

"वाकडं बसलं तर?"

"बसलं तर बसलं."

"हिच्या आप्रेशनच्या कागदावर सही करताना बी असंच झालं बघा, पाव्हणं," ते तुकड्यावरची नजर न काढता म्हणाले. "पेन टेकवूच वाटंना. म्हनलं, आपल्या सहीनं काय वंगाळ झालं तर?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या काळजीची मी टिंगल करत आलो होतो. मी दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून तो तुकडा टेकवला. कोपऱ्यात चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकडा बसला. मग लाटण्यानं दाबत, वर ज्वारीची पोती ठेवत, दिवसभरात आम्ही आठही दारं उरकली आणि तिन्हीसांजेला जागेवर चढवली.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. निम्म्या झाल्या होत्या. मुलाचा हात धरून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन साडू. आक्कांनी पहिल्या दारावरून हात फिरवला आणि तो कोपऱ्यावर येऊन थांबला.

"हे वाकडं कुनी चिटकवलं? अन् रंग काय हा, शेवाळ्यावानी! मला इचारायचं तरी होतं."

"चिडू नको, डॉक्टर म्हनले..."

"चिडू नको काय? किती दिवस टिकतंय हे?"

"दुकानदार म्हनला, पंधरा वर्सं."

"पंधरा वर्सं हे ध्यान बघत बसू का मी?"

"बस की," साडू म्हणाले. "बस. मी कुठं नको म्हनलो?" आणि त्यांनी गोळी पुढं केली.

आक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी साडूंच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि हळूच विचारलं, "तुमी जेवलात का दोन दिस?"

साडूंनी खूप आठवून पाहिलं. त्यांना काही आठवेना.