दुरुस्तीला गेलेली मोटार

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सोमवार, सकाळी सातचा सुमार. हजर: उशाशी वहिनी, पायथ्याशी मी, खुर्चीत डॉक्टर आणि उंबऱ्याबाहेर हुसेन मिस्त्री. अण्णा गेले तेव्हा एवढीच माणसं होती. घरात काही घडलं की तिथी आणि हजर माणसं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवतो. ही नोंद करायला मात्र मला पाच आठवडे लागले.

अण्णा माझे थोरले बंधू. वकिली सोलापुरात, पण त्यांचा जीव रमायचा बाहेरगावच्या कोर्टांत. त्यासाठी त्यांनी कुणाची तरी जुनी मोटार घेतली आणि बारा वर्षं स्वतः चालवली. मोहोळ जवळ आलं की तिचं पाणी हमखास उकळायचं. एकदा ती अशीच वाफा सोडत उभी असताना मेंढ्या घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर थांबला आणि म्हणाला, "वकीलसाब, बैलं जुंपा की हिला!" अण्णा म्हणाले, "जुंपली असती बाबा, पण बैलंच लाजत्यात हिच्यापुढं उभं राहायला." म्हातारा हसून हसून खाली बसला आणि आपल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्यानं मोटारीला दिलं. मी मागच्या सीटवर घड्याळ बघत बसलो होतो. अशी माणसं अण्णांना रस्तोरस्ती भेटायची, आणि मला वाटायचं, ही मोटार फार वेळ खाते.

गेल्या श्रावणात ती कायमची थांबली. हुसेन मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तर आत तडा गेलेला. भाग मुंबईहून मागवावा लागणार होता. "टायम लागंल, पर हुतंय की," मिस्त्री म्हणाला. आम्ही विचार करतोय तोवर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, उजवा हात-पाय आला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा मोटार चालवणं होणार नाही. त्या दिवशी मी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'दुरुस्त करावी', दुसरीकडे 'विकावी'. विकण्याच्या बाजूला नऊ कारणं झाली. दुरुस्तीच्या बाजूला एकच ओळ होती: अण्णांची इच्छा. अक्कलकोटचा एक व्यापारी मोटार आहे तशी न्यायला तयार होता. अण्णांना न विचारता मी व्यवहार केला, आणि त्याच्या माणसांनी खरोखरच बैल जुंपून ती मिस्त्रीच्या कारखान्यातून ओढत नेली...

संध्याकाळी हे सांगायला मी त्यांच्या खोलीत गेलो. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "नाना, मिस्त्रीनं काम सुरू केलं का रे?" मी म्हटलं, "केलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, काय काय केलं? मी गिरणीच्या स्टोअरात नोकरीला आहे, सुट्या भागांची नावं माझ्या जिभेवर असतात. मी मनानंच एक यादी रचून वाचली. मग रोज संध्याकाळी यादी वाचायचा परिपाठच पडला. एकदा अण्णांनी मला अडवलं. "काल हेड बसवलं म्हणालास, मग आज व्हॉल्व्ह कसे घासले? मिस्त्री असं करायचा नाही." मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जाऊन कामाचा खरा क्रम विचारला आणि व्यवस्थित लिहून घेतला. तो म्हणाला, "नानासाब, गाडी हितं न्हाय, पर काम तुमी एक नंबर चालवलंय." तो हसत नव्हता. दसऱ्याला वहिनींनी मोटारीच्या पूजेसाठी ताट दिलं: झेंडूचा हार, लिंबू, हळदकुंकू. मी ते घेऊन त्याच्या कारखान्यात गेलो. "हार कुणाला घालू?" त्यानं विचारलं. शेवटी तो हार त्याच्या कामाच्या बाकावर ठेवला आणि रिकामं ताट मी घरी आणलं.

माझी एक सबब होती. अण्णा खरंच सुधारत होते. मोटार येईपर्यंत हात तयार हवा म्हणून ते पितळी ताट छातीवर धरून चाकासारखं फिरवायचे. उजवी बोटं थोडी वळू लागली, डॉक्टरही चकित झाले. पण मग ते विचारू लागले, कधी येणार? मी म्हटलं, शुक्रवारी. असे तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारनंतर त्यांनी ताट हातात घेतलं नाही.

त्या सोमवारी मिस्त्री आपणहून भेटायला आला. अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मिस्त्री, गाडी?" मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "तयार हाय जी," तो म्हणाला, आणि मागं सरत उंबऱ्याबाहेर गेला. नंतर तो आत आलाच नाही. स्मशानातून परतताना एवढंच म्हणाला, "गिऱ्हाइकाला खोटं कधी बोललो नव्हतो, नानासाब."

गेल्या आठवड्यात वहिनींनी मोटारीची शेड झाडून घेतली. जमिनीवरचा तेलाचा डाग मात्र त्यांनी कुणाला खरवडू दिला नाही. मला म्हणाल्या, "भाऊजी, मिस्त्रीकडं पडून राहण्यापेक्षा मोटार घरी आणा. चालवायला कुणी नसेना का. मी पुसत जाईन." मी म्हटलं, "बघतो, वहिनी."

वहिनींना अक्षरओळख नाही. वर्तमानपत्राचा रविवारचा अंक आला की मी तो त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखवतो, आणि मी एखादा मजकूर गाळला तर त्यांना लगेच कळतं. हे सगळं मी तोंडानं सांगायला हवं होतं, ते झालं नाही, म्हणून लिहून त्याच अंकात छापायला पाठवलं. आता हा अंक घेऊन त्यांच्यासमोर बसायचं तेवढं राहिलं आहे.