साहेबांसाठी काढलेली कालुंदर

नातवाने कुणाची तरी जुनी काचपेटी स्वस्तात आणली आहे, सिक्लिड नावाचे रंगीत मासे पाळायला. तो ती अंगणात घासायला बसला आणि कुजक्या शेवाळाच्या वासासरशी मी नंदाखाल गावातल्या आमच्या जुन्या ओटीवर जाऊन पोहोचले, पन्नास सालाच्या सुमारास.

विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्याची पेटी बाबांनी हौसेने आणली होती. तळाशी बुळबुळीत काळा गाळ आणि त्यात मेलेल्या गोगलगायी. आईने नाकाला पदर लावून ती राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासली. बाबांनी खाडीतल्या कालुंदर माशांची जोडी आणून तिच्यात सोडली. पुढे त्यांना पिल्लं झाली, आणि नर-मादी दोघं रात्रंदिवस त्यांच्याभोवती पहारा करत फिरू लागली.

ही पेटी बघायला बाबांचे हेडक्लार्क साहेब आले. भज्यांनी तेलकट झालेलं बोट काचेवर टेकवून त्यांनी विचारलं, "यातली चवीला कुठली?"

"पिल्लंवाली आहेत ती," आई म्हणाली.

बाबांची बढती साहेबांच्या हातात होती. बाबा आईकडे न बघता म्हणाले, "काढ ती मोठी."

साहेबांनी तळलेल्या मादीचे काटे ताटाबाहेर थुंकले, एकेक बोट चोखलं, आणि उष्ट्या हातानेच पेटीपाशी येऊन उरलेल्या नराच्या तोंडासमोर ढेकर दिला.

चार दिवसांनी त्या नराने आपली सगळी पिल्लं खाऊन टाकली. मला त्याचीही किळस यायला हवी होती. पण त्याने निदान ढेकर दिला नव्हता.