बाबांनी आणलेलं देवदार

ऐंशीच्या आसपासचा एक चोवीस डिसेंबर. कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात, सकाळीच बाबांनी एक प्रतिज्ञा केली... "झाडाचं माझ्याकडे लागलं, सिस्टर!"

सिस्टर म्हणजे समोरच्या शांतासिस्टर, दवाखान्यात नर्स. बाबांच्या टायफॉइडमध्ये उशाशी बसून राहिलेल्या. त्या महिन्यात मात्र त्यांचाच पाय प्लॅस्टरमध्ये होता, आणि नाताळचं झाड आणायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

झाड हवंच होतं, त्याला कारण होतं. त्यांची मुलगी एस्तेर आईच्या मनाविरुद्ध लग्न करून मिरजेला गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून अबोला. आणि आता तीन ओळींचं पोस्टकार्ड आलं होतं... चोवीसला संध्याकाळी बाळाला घेऊन येते, राहायचं की नाही ते आल्यावर बघू.

"तिला लहानपणापास्नं दारात झाड लागतं," सिस्टर आईला म्हणाल्या. "ते दिसलं की उंबऱ्यावरनं परत तरी फिरायची न्हाय. साधी सुरूची फांदी चालते की."

बाबा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. वृक्ष, तरू, द्रुम, पादप... झाडाला डझनभर शब्द त्यांना तोंडपाठ. दारातल्या कडुनिंबाला मात्र ते बारा वर्षं बकाण म्हणत आले होते. सुरू त्यांच्या पसंतीला उतरेना. नाताळचं झाड हे हिमालयाकडचं प्रकरण आहे, तेव्हा देवदारूच हवा, असा निकाल देऊन ते सायकलवरून थेट लाकडाच्या वखारीत गेले.

तिथलं संभाषण बाबांनी पुढे अनेक वर्षं लपवलं. पण वखारवाल्याने ते गावभर सांगितलं.

"देवदारू पाहिजे."

"गुर्जी, दारू हितं न्हाय मिळत!"

"अहो, देवदारू... देवदार!"

"देवदार व्हय! मग तसं म्हणा की. हाय की."

"उभं राहील ना नीट?"

"उभं करा, आडवं करा, हलायचं न्हाय. व्हा तुम्ही फुडं, हमालाबरोबर धाडतो."

दुपारी दोनला हमालाच्या डोक्यावरून देवदार आलं. देवदारी फळ्यांचं, माल भरायचं खोकं. बाजूला एक बाण आणि काळ्या शाईत शिक्का... 'ही बाजू वर'.

आईने त्याभोवती एक फेरी मारली. "पालवी कधी फुटायची ह्याला?"

बाबांनी क्षीण आवाजात व्युत्पत्ती सांगितली. संस्कृतात दारू म्हणजे लाकूडच, तेव्हा व्याकरणाने वखारवाला चुकला नव्हता... आईने व्याकरण ऐकून घेतलं आणि मला बरोबर घेऊन पलीकडच्या बंगल्यातल्या माळ्याकडून सुरूची फांदी मागून आणली.

फांदी उंच होती, पण एका अंगाने पार टक्कल पडलेली. उसाचा हंगाम होता. आईने बोळाच्या टोकाला राहणाऱ्या धोंडू गवळ्याच्या गोठ्यातून उसाच्या हिरव्या वाढ्यांची पेंढी आणली आणि ती टकलावर बांधली. वर गौरीच्या मोत्यांच्या माळा, त्यावर सिस्टरांच्या कापसाचा बर्फ. तेलाच्या डब्यात वाळू भरून झाड त्यांच्या ओट्याशी उभं राहिलं. आईने सवयीने हळदकुंकूही वाहिलं.

सिस्टर खुर्चीतूनच पाहत होत्या. "अगदी हुबेहूब," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. कशाशी हुबेहूब, ते आम्ही विचारलं नाही.

पाच वाजता रोजच्यासारखा धोंडू म्हैस घेऊन दारात आला. दूध काढून झाल्यावर मापातल्या फेसावरून आईचा आणि त्याचा रोजचा वाद सुरू झाला... आणि म्हशीला समोर स्वतःचंच जेवण मांडलेलं दिसलं. वाढे म्हशीच खातात, ही गोष्ट ते बांधताना कोल्हापुरात जन्मलेल्या एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती!

"आगं ए भवाने!" धोंडू ओरडला. डबा कलंडला, झाड म्हशीच्या अंगावर आडवं. ती दचकून वळली... शिंगांत मोत्यांच्या माळा, नाकावर बर्फ, तोंडात हिरवा तुरा. आणि समोर टांगा येऊन थांबलेला.

टांग्यात एस्तेर. ओठ घट्ट मिटलेले, मांडीवर झोपलेलं बाळ. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या. बाबा चष्मा पुसायला लागले. संकटात ते तेवढंच करायचे.

धोंडूने म्हशीला आपादमस्तक न्याहाळलं. "पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीतबी एवढी नटली नव्हती बघा, पावणं!"

एस्तेरचे ओठ हलले. मग खांदे. "आई... हे काय गं केलंस?"

दोन वर्षांनी आईशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

"मी न्हाय गं, म्हशीनं केलंय!" म्हणत सिस्टर प्लॅस्टरसकट हसत सुटल्या. त्यानंतर दोघींपैकी कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, ते मला नक्की सांगता येणार नाही.

मग बाळाला निजवायचं कुठे, हा प्रश्न आला. घरात एकच कॉट, तिच्यावर सिस्टरांचा पाय.

"गुरुजी, ते तुमचं देवदार आणा," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या येशूला तरी कुठं पलंग मिळाला होता? गव्हाणीतच ठेवला की त्याला."

खोक्यात वाकळ अंथरली, उरलेल्या बर्फाची उशी केली. बाळ झोपेतल्या झोपेत आत गेलं. दारात जनावर उभं होतंच...

"मी सकाळीच म्हणालो होतो," बाबा गंभीरपणे म्हणाले, "देवदारच लागतं."

एस्तेर नवं वर्ष उजाडेपर्यंत राहिली. पुढे दर वर्षी येत राहिली.

ते बाळ, एस्तेरची मुलगी, आता चाळिशी ओलांडून गेलंय. काल तिने घरच्या झाडाचा फोटो पाठवला. प्लॅस्टिकचं, चारी बाजूंनी भरगच्च. खाली एक ओळ... 'मावशी, सगळं आहे, म्हैस तेवढी कमी आहे.'

मी फोटो मोठा करून पाहिला. झाडाखाली सजावटीचं सामान ठेवायला आमचं खोकं आहे. शिक्का पुसट झालाय, बाण मात्र दिसतो.

ती बाजू अजून वरच आहे.