मास्कखालचं खोबरेल
आज गोठलेल्या खोबरेलाची बाटली रेडिएटरवर ठेवली. वास किचनभर पसरला आणि मी पुन्हा ब्रिस्टलजवळच्या पार्कातल्या त्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले.

पंधरा वर्षांची होते. स्कूबा डायव्हिंगच्या या एका दिवसासाठी वर्षभर हट्ट केला होता. आणि निघताना आईने, स्वतः डॉक्टर असलेल्या बाईने, "पाणी गार आहे, सर्दी होईल," म्हणत डोक्यावर चपचपीत तेल थापलं! ते कपाळावर ओघळलं. मास्क काही केल्या घट्ट बसेना. डोकं बुडवलं की नाकाडोळ्यांत शेवाळी पाणी. तीनदा धडपडत वर आले. बाकीचे केव्हाच खाली गेले होते, त्यांचे नुसते बुडबुडे दिसत होते.

"कपाळाला काय लावलंयस?" इन्स्ट्रक्टरने इंग्रजीत विचारलं.

"माय मम डिड इट. शी इज सो स्टुपिड!" मी किंचाळले.

आई टॉवेल उघडून काठावरच उभी होती.

गाडीत ती एवढंच म्हणाली, "घरी गेल्यावर शाम्पू कर हं."

त्यानंतर तिने माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाही. मीही कधी "लाव ना" म्हटलं नाही. दोनच तर शब्द होते!