उजव्या सीटवरचा साडू

माझ्या साडूने अमेरिकन गाडी घेतली आणि माझं पोट दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हतं ते.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. मी थोरला जावई, शाळेत भूगोलाचा मास्तर, वाहन स्कूटर, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. तो धाकटा. कर्वेनगरला बंगला, स्वतःचा छोटासा कारखाना. इथवर मी सोसलं होतं. पण मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब देश सोडून निघाला आणि याने त्याची गाडी उचलून आणली, हे मात्र फार झालं. आकाशी रंग, मागे दोन टोकदार पंख, पुढे निकेलचा लखलखीत बंपर. आणि आत सीट कसली, दिवाणखान्यातला सोफाच! मी तोंडदेखलं "छान आहे" म्हटलं आणि पेट्रोल किती पिते ते विचारलं. "पाण्यासारखं!" तो कौतुकाने म्हणाला. म्हणजे तोही वार फुकट गेला.

सासरे नारायण पेठेत राहायचे. त्यांच्या बोळात ती गाडी शिरणं शक्यच नव्हतं. मला केवढा आनंद झाला! पण ज्या सासरेबुवांनी माझ्यासाठी कधी आरामखुर्चीतून पाठ उचलली नव्हती, ते काठी टेकत चौकापर्यंत गाडी बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "जहाज आहे हो, जहाज!"

"मग पुण्यात कशाला आणलं? इथे समुद्र नाही," मी म्हटलं. कुणीही हसलं नाही. बायकोने तर डोळेच वटारले.

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं आणि आपण रस्त्यालाही डावीकडूनच चालतो. त्यामुळे पुढे बस किंवा ट्रक आला की चालवणाऱ्याला पलीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. उजवीकडे बसलेल्याने खिडकीतून मान काढायची, समोरचा रस्ता बघायचा आणि 'जा' किंवा 'थांब' सांगायचं. मेहुणीला गाडी लागायची. तिच्या कॉलेजातल्या मुलाला त्या धुडात बसायची लाज वाटायची, त्याला मोटरसायकलचं वेड. उरलो मी. रविवारी सकाळी शेजाऱ्यांकडे फोन यायचा, "मास्तर, येताय ना?" आणि मी जायचो. लाज नाही, दुसरं काय! पानशेत, सिंहगडाचा पायथा, कुठे कुठे फिरलो. मी 'जा' म्हणायचो आणि तो ऐटीत पुढे काढायचा. लोकांनी हात केला की हसून मान हलवायचा तो, आणि धूळ खायचो मी.

एकदा डेक्कनवर हवालदाराने गाडी अडवली आणि तो थेट माझ्या खिडकीशी आला. "लायसन." उजवीकडे बसलेला तो ड्रायव्हर, असा त्याचा सरळ समज. मी कसलं लायसन दाखवणार, तो आणखी तापला. माझ्यापुढे स्टिअरिंगच नाही हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत साडू हसून हसून लाल झाला होता. "अहो, ते नुसते बसतात," तो म्हणाला.

नुसते बसतात! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. घरी येऊन बायकोवर उगाच डाफरलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. लायसन काढलं. गाडी माझी होणार नाही हे मला कळत होतं, पण एकदा, फक्त एकदा, ती मला चालवायची होती. साडूला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मास्तर, डाव्या स्टिअरिंगला हात वेगळा लागतो. बघू, दसऱ्याला बघू." दसरे येत होते, जात होते. दरवर्षी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचो आणि दरवर्षी उजवीकडेच बसायचो.

मग एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर साडूच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पूजा मात्र नेहमीसारखी झाली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आता पूजा झालेली गाडी लिंबावरून पुढे जायला हवी, ती तशीच उभी ठेवत नाहीत. मुलगा मोटरसायकलला हार घालून केव्हाच पसार झाला होता. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"भाऊजी नेतील की," मेहुणी म्हणाली. देवीच बोलली जणू!

साडूने खिशातून किल्ली काढली. माझ्या हातावर ठेवली, पण बोटं काही सुटेनात. मी ओढून घेतली.

लिंबू फटकन फुटलं. मी चतुःशृंगीपर्यंत गाडी नेली आणि परत आणली. काय सांगू तुम्हाला! खड्ड्यातून जाताना आदळणं नाही, नुसती डोलायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, बोटाने ढकलावा तर लोण्यासारखा सरकायचा. लोक पानं वाटता वाटता थांबून बघत होते. पन्नाशी उलटलेला माणूस मी, कारण नसताना हॉर्न वाजवला, आणि पुन्हा वाजवला. शेजारी साडू काळा चष्मा लावून बसला होता.

"हळू," तो म्हणाला. मग म्हणाला, "क्लच." मग न राहवून, "मास्तर, तिला असं दाबत नाहीत हो!"

"तुम्ही त्या पुढच्या बसच्या पलीकडचं सांगा," मी म्हटलं. "जाऊ?"

त्याने चांगल्या डोळ्याने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "जा," तो शेवटी म्हणाला.

बंगल्यापाशी आलो. "जमलं का हो?" मेहुणीने विचारलं. "न जमायला काय झालं," साडू म्हणाला आणि पलीकडून वळसा घालून डावीकडे आला. रुमाल काढला आणि स्टिअरिंग पुसायला लागला. माझे हात होते तिथे तिथे. पुसून झालं तरी पुसतच होता. ते तोंड मी चांगलं ओळखतो, रोज दाढी करताना माझ्यासमोर असतं.

"रविवारी काढायची का?" मी साळसूदपणे विचारलं.

"रविवारी मुलगा चालवेल," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

जो मुलगा त्या गाडीत पाय ठेवत नव्हता, तो चालवणार! म्हणजे माझी पाळी संपली. वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू? एवढा बंगलेवाला, कारखानदार माणूस, माझ्यावर जळत होता. माझ्यावर!

जेवताना तो पानावरून लवकर उठला. मी श्रीखंड पुन्हा मागून घेतलं.